समाजकार्याला मिळालेला हक्कांचा धडा

अमेरिकेत समाजकार्य हा व्यवसाय म्हणून आकाराला आला, तेव्हा वंशभेदाला कायद्याचेच पाठबळ होते. बहुतेक संस्थांची दारे बंद असल्याने कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या संस्था उभारल्या. अटलांटात ल्युजिनिया बर्न्स होप यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये नेबरहूड युनियन सुरू झाली. तिथल्या स्त्रिया घरोघर फिरून पाहणी करत, दवाखाना चालवत आणि चांगल्या शाळांसाठी शहराच्या कारभाऱ्यांना धारेवर धरत. १९२० मध्ये अटलांटा स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले आणि कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या रीतसर प्रशिक्षणाची सोय झाली. सेवा आणि हक्काची मागणी या परंपरेत पहिल्यापासून एकत्र नांदल्या.

सरकारी कल्याण योजनांचा कारभार मात्र गरिबाच्या चारित्र्याची झडती घेत असे. अलाबामात एकट्या आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध असल्याचे दिसले, की तिच्या मुलांचे अर्थसाहाय्य बंद होई. सिल्व्हेस्टर स्मिथ या कृष्णवर्णीय आईने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम अवैध ठरवला. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात जॉनी टिलमन यांनी अशा मातांना संघटित केले. पुढे देशव्यापी नॅशनल वेल्फेअर राइट्स ऑर्गनायझेशनचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पुरेसे उत्पन्न आणि सन्मानाची वागणूक हा आपला हक्क आहे, असे या माता ठणकावून सांगत होत्या.

१९६८ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोतील राष्ट्रीय समाजकल्याण परिषदेतून कृष्णवर्णीय समाजकार्यकर्ते सभात्याग करून बाहेर पडले आणि त्यांनी नॅशनल असोसिएशन ऑफ ब्लॅक सोशल वर्कर्स स्थापन केली. १९७२ मध्ये या संघटनेने कृष्णवर्णीय मुले गोऱ्या कुटुंबांत दत्तक देण्यास विरोध केला. या भूमिकेवर आजही वाद होतो. पण मुलाला त्याच्याच नातलगांत वाढवता येईल का, हा प्रश्न तिने ऐरणीवर आणला. दरम्यान, १९६९ मध्ये कृष्णवर्णीय नेते व्हिटनी यंग समाजकार्यकर्त्यांच्या मुख्य राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. १९७६ मध्ये बार्बरा सॉलोमन यांनी कृष्णवर्णीयांच्या सक्षमीकरणावर ग्रंथ लिहिला आणि ही संकल्पना समाजकार्याच्या अध्यापनात रुजली.

याच मुख्य संघटनेने २०२१ मध्ये व्यवसायातील वर्णद्वेषी व्यवहारांबद्दल माफी मागितली. या माफीला अर्थ येण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत: हा इतिहास अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी यावा आणि मदत घेणाऱ्यांना धोरण ठरवण्यात अधिकार मिळावा.