आजीबाईंचे पोवळे



आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा वडोदऱ्यास महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकत आहे. गेल्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा त्याच्या पिशवीत मुठीएवढा एक तांबूस दगड होता. अभ्याससहलीत धार जिल्ह्यातील बाघ गावाच्या परिसरात तो त्याला मिळाला होता. दगडावर बारीक काड्यांसारख्या फांद्या उमटल्या होत्या. “हे तर दगड झालेले पोवळे!” असे घरात कोणीसे म्हणाले. आजीबाईंनी तो हाती घेऊन क्रूसाची खूण केली. “डोंगरात पोवळे! नोहाच्या जलप्रलयाचीच ही साक्ष,” असे म्हणून त्यांनी तो घरच्या वेदीवर ठेवला.

मुलगा गप्प राहिला. रविवारी मिस्सानंतर मात्र तो माझ्याकडे आला. “फादर, खरे सांगितले तर आजीचे मन दुखेल. न सांगितले तर शिकतो त्या विद्येशी मी बेइमान होईन. काय करू?”

“बाळ, आधी मला तरी नीट समजावून सांग,” मी म्हणालो. त्याने जे सांगितले ते तुम्हीही ऐकावे असे मला वाटते.

पोवळ्याचा प्राणी स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधतो. तिच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखे पातळ पडदे असतात आणि कच्छात सापडणाऱ्या पोवळ्यांत ते सहाच्या पटीत मांडलेले दिसतात. मुलाने भिंग दिले. त्यातून पाहता ह्या दगडात तसले पडदे कोठेच नव्हते. होती ती सुईच्या अग्राएवढी असंख्य छिद्रे. प्रत्येक छिद्रात एकेक सूक्ष्म सागरी जीव राहत असे. त्या जीवांस ब्रायोझोआ म्हणतात. रूप पोवळ्याच्या फांदीचे, परंतु कूळ अगदी निराळे. ह्या थराला शास्त्रात ‘कोरलाइन’, म्हणजे पोवळ्यासारखा, चुनखडक म्हणतात. नर्मदेच्या खोऱ्यात नेमावरपासून कवांटपर्यंत हिंडून प्रमथनाथ बोस ह्यांनी जो वृत्तांत लिहिला, आणि जो १८८४ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हे नाव आहे. नाव ऐकून आजही पुष्कळांची आजीबाईंप्रमाणेच समजूत होते.

हा भेद क्षुल्लक नाही. समुद्रात भिंती उभारणाऱ्या पोवळ्यांना उबदार, उथळ व निर्मळ पाणी लागते, कारण त्यांच्या देहात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळास सूर्यप्रकाश हवा असतो. ब्रायोझोआंना अशी अट नाही. तेव्हा त्यांच्या तुकड्यांचा थर पाहून ‘येथे प्रवाळाची भिंत होती’ असे म्हणता येत नाही. बाघच्या त्या थरातील तिरप्या रेघा सांगतात की मोडलेल्या फांद्या समुद्राच्या प्रवाहाने लोटून येथे साचवल्या. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात पश्चिमेकडून समुद्र शिरला होता. त्याच्या थरांत सर्वांत खाली वालुकाश्म आहे, त्यावर गाठाळ चुनखडक व चुनखडीची माती, आणि माथ्यावर हा कोरलाइन चुनखडक. पुढे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, ह्या सर्वांवर लाव्हारस पसरला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच.

खरी पोवळी पाहायची तर गुजरातेतच कच्छात जावे. तेथील फार जुन्या खडकांतील पोवळ्यांवर ग्रेगरी नामक विद्वानाने १९०० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पश्चिम कच्छात तर सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा पोवळ्यांचा चुनखडकच आहे. अशा थरात पोवळी उगवली तशीच, वाटीचे तोंड वर करून, जागच्या जागी आढळली, तर ती तेथेच जगली व वाढली असे ओळखावे. भरीव गोल पोवळे वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढते. हातभर उंचीच्या पोवळ्याला चाळीस-पन्नास वर्षे लागतात. मग चाळीस दिवसांच्या पुरात ते कसे वाढेल? शिवाय पुराच्या गढूळ पाण्यात पोवळे गुदमरून मरते.

मग उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा खोटी काय? मुळीच नाही. तिचा विषय मनुष्याचे पाप व परमेश्वराची दया हा आहे, खडकांचे वय नव्हे. पवित्र शास्त्र वाचताना त्यातील लेखनप्रकार ओळखावेत, असे पोप पायस बारावे ह्यांनी १९४३ सालीच शिकवले आहे. ‘खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा’ हा नियम १६६९ साली मांडणारे निकोलस स्टेनो हे पुढे आपल्याच ख्रिस्तसभेचे बिशप झाले, आणि १९८८ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले. खडक वाचल्याने त्यांची श्रद्धा ढळली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे आजीबाईंकडे गेलो. मुलाने भिंग त्यांच्या हाती दिले आणि सारे सांगितले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढ्याशा भोकात एकेक जीव? आणि हे तू मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेस रे? मी काय रागावले असते?” मुलाने मान खाली घातली.

वाचकहो, तुमची मुले शहरातून नवी विद्या घेऊन घरी येतात. ती गप्प बसली, तर त्यांना विचारा. बोलली, तर ऐकून घ्या. आणि मुलांनो, घरच्या वडीलधाऱ्यांना सत्य सोसणार नाही असे परस्पर ठरवू नका.

दगड अजून त्या वेदीवरच आहे. त्याखाली मुलाने एक चिठ्ठी लावली आहे : ‘ब्रायोझोआ, बाघ’.