पारख भाडेकरूची की आडनावाची?

जून उजाडला की महाराष्ट्रातील शहरांतून घर शोधणाऱ्यांची पायपीट सुरू होते. बदलीवर आलेला बँकेतील कारकून, नवी नेमणूक मिळालेली शिक्षिका, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली पाहणारा विद्यार्थी, या साऱ्यांची गाठ ज्या घरमालकाशी पडते तो बहुधा त्यांच्याच वर्गातला असतो. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून त्याने घरावर एक मजला चढविलेला असतो आणि दरमहा येणारे भाडे हा त्याच्या उतारवयाचा आधार असतो. एकाला घर हवे असते, दुसऱ्याला भाडेकरू. तरीही व्यवहार अनेकदा पहिल्या पाच मिनिटांतच अडखळतो. नाव विचारून झाले की आडनाव विचारले जाते, आणि आडनाव ऐकल्यावर कधी कधी जागा ‘कालच दिली गेली’ असे उत्तर मिळते.

घरमालक सावध असतो यात नवल नाही. ‘भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी’ ही म्हण त्याच्या मनात कायमची घर करून बसली आहे, आणि तिला तसा इतिहासही आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली. युद्धकाळातील टंचाईत गरीब भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. परंतु पुढील पन्नास वर्षांत पगार, भाजीपाला, सिमेंट, कर असे सारे वाढत गेले, आणि ही भाडी मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिली. चाळींची दुरुस्ती थांबली आणि पागडीचा काळा व्यवहार फोफावला. भाडी अशी गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ साली स्पष्टपणे नमूद केले.

दरम्यान कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी घरमालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा मार्ग काढला होता. या व्यवस्थेत राहणारा भाडेकरू नसून केवळ परवानाधारक मानला जाई. १९७३ च्या दुरुस्तीने हाही मार्ग एका तारखेपुरता बंद झाला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. तात्पुरती म्हणून दिलेली जागा अशा रीतीने कायमची गेल्याचे ज्या पिढीने पाहिले, तिने पुढच्या पिढीला एकच धडा दिला : घर रिकामे राहिले तरी चालेल, पण परक्याच्या हाती देऊ नये. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, त्यातलाच हा प्रकार.

परंतु दूध निवून आता बराच काळ लोटला आहे, याची जाणीव अद्यापि पुरेशी पसरलेली दिसत नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला आणि त्याने लिव्ह अँड लायसन्स कराराला भक्कम पाया दिला. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर परवानाधारक निघाला नाही, तर कलम २४ अन्वये घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दिवाणी न्यायालयातील वर्षानुवर्षांच्या दाव्यापेक्षा ही पद्धत सुटसुटीत आहे. मुदतीनंतर जागा अडवून बसणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी करारात जे नमूद असेल तो या कार्यवाहीत निर्णायक पुरावा मानला जातो.

अट एकच, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अटींविषयी वाद उद्भवला, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ही नोंदणी आता घरबसल्या, अंगठ्याचा ठसा देऊन, संगणकाद्वारे होऊ शकते. तरीही साध्या मुद्रांकावर दोन सह्या घेऊन काम भागविणारा घरमालक भाडेकरूची जात मात्र बारकाईने विचारतो! जे कुलूप खरोखर लागते ते उघडे ठेवायचे आणि दारावर लिंबू-मिरची टांगायची, अशातलाच हा प्रकार नव्हे काय?

वस्तुतः घर देणाऱ्याला तीनच गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात. हा मनुष्य भाडे वेळेवर देईल काय? घर नीट वापरील काय? आणि मुदत संपताच ते सोडील काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पगारपत्रकात, नेमणुकीच्या पत्रात किंवा बँकेच्या खातेउताऱ्यात मिळते. विद्यार्थी असेल तर महाविद्यालयाच्या ओळखपत्रात आणि पालकांच्या हमीत. दुसऱ्याचे उत्तर आधीच्या घरमालकाकडे असते. त्याला एक दूरध्वनी केला, तर घर कसे ठेवले होते आणि वीजबिल थकले होते काय, हे दोन मिनिटांत कळते. तिसऱ्याची हमी नोंदणीकृत करार देतो. याला अनामत रकमेच्या पावतीची आणि पंखे, दिवे, नळ, खिडक्यांच्या काचा यांच्या सही केलेल्या यादीची जोड दिली, की पुढील तंट्यांपैकी बहुतेक तंटे उद्भवतच नाहीत. ही पारख दुहेरी असावी हेही ओघानेच आले. समोरचा गृहस्थ खरोखर मालक आहे काय, हे मालमत्ता कराची पावती पाहून ठरविण्याचा भाडेकरूलाही तितकाच अधिकार आहे.

पोलिसांना द्यावयाच्या माहितीबद्दलही असाच गैरसमज आहे. भाडेकरूची माहिती ठाण्यात किंवा संकेतस्थळावर कळवावी, असे आदेश शहरांचे पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. ही माहिती सर्व भाडेकरूंची कळवावयाची असते, विशिष्ट आडनावांचीच नव्हे. शिवाय ती कळविणे म्हणजे भाडेकरूच्या चारित्र्याचा दाखला मिळणे नव्हे. तो दाखला कागदपत्रे आणि चौकशी यांतूनच मिळवावा लागतो.

जात, धर्म, आहार किंवा ‘एकटीच राहणार काय?’ हा प्रश्न वरील तिन्हींपैकी एकाचेही उत्तर देत नाही. या प्रश्नांची किंमत महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली आहे. १९१७ साली अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी सराईत राहिले, आणि अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. भाडे थकले नव्हते आणि वर्तणुकीविषयी तक्रारही नव्हती. त्या दिवशी शहरातील एका बागेत बसून काढलेल्या तासांची हकिकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात नोंदविली आहे. आजच्या कोणत्याही घरमालकाच्या कसोटीवर त्यांच्याइतका भरवशाचा भाडेकरू कोण ठरला असता?

हा इतिहास संपला असे म्हणावयास जागा नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. जागेची विचारणा सारखीच असूनही दलितांच्या वाट्याला नकार अधिक आले आणि मुसलमानांच्या वाट्याला त्याहून अधिक, असे तीत आढळले. कायदा येथे फारसा मदतीला येत नाही. राज्यघटनेच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, खासगी घराचा नाही. आपल्याच समाजाला सभासदत्व देण्याची एका पारशी गृहनिर्माण संस्थेची उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविली. घटनेने जो दरवाजा उघडला नाही तो घरमालकाच्या विवेकानेच उघडावयाचा आहे.

यात केवळ परोपकाराचा भाग आहे असेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. जागा जाईल ही धास्ती हे त्यामागील एक कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादित करण्याची आणि प्रत्येक करार लेखी करण्याची तरतूद आहे. धास्तीऐवजी कागदावर विसंबण्याचीच ही वाट आहे.

आपल्या घरात कोणाला ठेवावे, हे ठरविण्याचा घरमालकाचा हक्क कोणी नाकारीत नाही. आपली जमापुंजी तो परक्याच्या हाती देत असतो. त्याने दहा प्रश्न विचारावेत, चार कागद मागावेत. परंतु ज्या प्रश्नाच्या उत्तराने त्याचे भाडे एका रुपयाने अधिक सुरक्षित होत नाही, तो प्रश्न विचारण्यामागे सावधगिरी नसते. एखाद्या शिक्षिकेने आपल्या गावातील वर्गात ज्यांना एका बाकावर बसविले, त्या मुलांपैकी कोणाला उद्या शहरात दार उघडेल आणि कोणाला नाही, हे हजेरीपटावरील आडनाव पाहून तिला आधीच सांगता येत असेल, तर त्या बाकाला काय अर्थ उरला?