साखरेचा तिमाही ताळेबंद

मधुमेह असलेल्या बंधू-भगिनींना आम्ही विचारतो, "तीन महिन्यांची तपासणी केली का?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली होती की!" पुष्कळजण तपासणीआधी चार दिवस पथ्य पाळतात आणि आकडा उतरला की पुन्हा गुळाचा चहा सुरू करतात. गूळ म्हणजे साखर नव्हे, ही आपल्या कोल्हापूरकडची जुनी समजूत. पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते.

आम्ही कारकून, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या दिवसाची रोकड शिल्लक. 'एचबीएवनसी' म्हणजे तिमाही ताळेबंद. रक्तातील साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी असेतो, म्हणजे सुमारे १२० दिवस, सुटत नाही. त्यामुळे चार दिवसांच्या पथ्याने हा आकडा झाकता येत नाही. तो ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर मधुमेह समजतात. मात्र अंगात रक्त कमी असल्यास तो फसवू शकतो. आपल्या माता-भगिनींनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमधील हा बदल डॉ. सॅम्युअल राहबर यांनी १९६८ साली दाखवला. पूज्य बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने गांजले, तेव्हा ही तपासणी नव्हती. आज आहे.

ताळेबंदात न दिसणारी झीजही असते. साखर जादा झाली की पेशींत 'फ्री रॅडिकल्स' हे उपद्रवी कण वाढतात. त्यांना आवरणारे ग्लुटाथायोन शरीर स्वतःच बनवते, पण मधुमेहात ही गंगाजळी आटते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा बिघडण्यामागे त्याचा हात असतो.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील व आयसरमधील संशोधकांचा यावरील प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. २५० मधुमेहींपैकी १२५ जणांना चालू औषधांच्या जोडीला सहा महिने रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन दिले. त्यांच्या रक्तातील साठा वाढला आणि डीएनएला झालेल्या इजेची खूण कमी झाली. एचबीएवनसी मात्र प्रामुख्याने पंचावन्नपुढील रुग्णांत उतरला.

नेमके हेच अर्धवट सांगून वस्त्यांतून महागड्या पावडरी खपवल्या जातात, वर "गोळ्या सोडा" असा सल्लाही मिळतो. पुण्याच्या प्रयोगात औषधे चालूच होती, हे अशा विक्रेत्यांना ठणकावून सांगा. हातावर पोट असलेल्या घराने पावडरीवर पैसा घालू नये. तोच एचबीएवनसीसाठी ठेवावा. वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घ्यावेत. आधी सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

घरात कोणाला मधुमेह असेल, तर या आठवड्यात त्यांचा शेवटचा रिपोर्ट काढून तारीख पाहा. सहा महिने उलटले असतील, तर तपासणीला स्वतः सोबत जा.