योकास्ताचा वाटा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या वाचनवर्गात आम्ही सोफोक्लीजचं ‘राजा ईडिपस’ वाचायला घेतलं. पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावानं मराठीत आणलेलं आहे. सुरुवातीला दोघी-तिघी कुरकुरल्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परक्या राजाशी आपलं काय देणंघेणं, इथे केंद्रावर केसेस पडून आहेत! शेवटी त्याच सगळ्यात जास्त भांडल्या, आणि भांडण झालं ते राणीवरून.

ज्या मैत्रिणींनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. थीब्जचा राजा लायस याला डेल्फीच्या देवळातून कौल मिळतो की, तुझा मुलगाच तुला मारील. मूल होतं. तीन दिवस व्हायच्या आत त्याचे घोटे एकत्र जखडून त्याला डोंगरावर टाकायला देतात. (आपल्याकडे सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहिते म्हणतात. याचं आधीच लिहून झालं होतं!) टाकायला नेणाऱ्या गुराख्याला दया येते, तो ते मूल कोरिंथच्या गुराख्याला देतो, आणि मूल तिथल्या राजाकडे वाढतं. पुढे ईडिपसलाही कौल मिळतो, की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. तो भिऊन कोरिंथ सोडतो. वाटेत तिठ्यावर एका म्हाताऱ्याशी वाट देण्यावरून भांडण होतं, त्याला तो मारतो. थीब्जला येऊन स्फिंक्सचं कोडं सोडवतो आणि त्याला राज्य मिळतं, सोबत विधवा राणी योकास्ता. वर्षांनंतर गावात साथ येते, बाया मेलेली मुलं प्रसवू लागतात. लायसचा खुनी सापडल्याशिवाय साथ हटणार नाही असा नवा कौल येतो, आणि ईडिपस शोधाला लागतो.

कॉलेजात मला शिकवलं ते असं, की हा माणूस नियतीपुढे हरतो, पण सत्याचा शोध सोडत नाही, म्हणून तो थोर. अॅरिस्टॉटललाही या नाटकाचं फार कौतुक. सत्य कळणं आणि दशा उलटणं एकाच क्षणी घडतं, हे त्यानं काव्यशास्त्रात नमुना म्हणून दाखवलं. ते खरंच आहे. पण केंद्रावर पंधरा वर्षं बसल्यावर मी तेच नाटक वाचलं तेव्हा डोळ्यांत भरलं ते वेगळंच. तिघंजण राजाला सांगतात, नको विचारूस. एक आंधळा द्रष्टा टायरेसियस, दुसरी योकास्ता, तिसरा तो म्हातारा गुराखी. द्रष्ट्यावर राजा कटाचा आरोप करतो. गुराख्याचे हात मागे पिरगाळायला लावतो. अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष छळ करून घेतली असेल तरच धरत, आणि बाईला तर स्वतः उभं राहून साक्ष देताच येत नसे. नाटक पाहणाऱ्यांना हे ठाऊक होतं. शोध घ्यायला अंगात धैर्य लागतं हे मान्य, पण हाताशी शिपाईही लागतात.

राणीला सत्य राजाच्या आधी कळतं. कोरिंथचा माणूस डोंगरावरच्या बाळाची गोष्ट सांगतो आणि ती जागच्या जागी समजून जाते. ती विनवते, तुझ्या जिवासाठी हे थांबव, माझं दुःख मला पुरे आहे. राजाला वाटतं, आपण हलक्या कुळातले निघू म्हणून बाईला लाज वाटते आहे! ती आत निघून जाते ती पुन्हा रंगमंचावर येत नाही.

आमच्यातली एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, ‘ही पळपुटी आहे. सत्य झाकून संसार वाचवू बघते.’ दुसरीनं विचारलं, ‘इतकी वर्षं संसार केला, चार मुलं झाली, नवऱ्याच्या घोट्यावरचे व्रण कधी दिसले नाहीत?’ ईडिपस या नावाचाच अर्थ सुजलेल्या पायाचा. नाटक याचं उत्तर देत नाही. पण बाई काय काय न बघता जगू शकते, हे आपल्यापैकी कुणाला नव्यानं सांगायला हवं?

मला खरी अडकवलं ते दुसऱ्याच एका जागेनं. राणी आधी सांगते की, लायसनं ते मूल दुसऱ्यांच्या हातून टाकवलं. पुढे गुराखी हात पिरगाळल्यावर सांगतो की, मूल राणीनंच माझ्या हातात दिलं, मारून टाकायला. स्वतःचं मूल? होय, कौलाच्या भीतीनं. म्हणजे तिनं सांगितलेल्या हकिकतीत तिचे स्वतःचे हातच नव्हते. खोटं बोलली म्हणावं का? गर्भाची तपासणी करून आलेल्या बाया मी ऐकल्या आहेत. ‘त्यांनी नेलं’ म्हणतात, ‘मी गेले’ म्हणत नाहीत. तिला निव्वळ बळी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. नवऱ्याइतकाच दोष तिला लावणंही पटत नाही.

ग्रीक भाषेत नशिबाला ‘मोइरा’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. आपणही म्हणतोच, ‘माझ्या वाट्याला हेच आलं.’ मग वाटप कुणी केलं, हे विचारायला हवं. योकास्ताच्या बाबतीत नावं घेऊन उत्तर देता येतं, आणि ते दिलंय युरिपिडीजनं आपल्या ‘फिनिशियन स्त्रिया’ या नाटकात. तिथे ती स्वतःच सांगते की, मूल होऊ देऊ नकोस असा कौल असतानाही लायस दारूच्या नशेत तिच्याकडे आला. तीच सांगते की, कोडं सोडवील त्याला राणी मिळेल अशी दवंडी तिच्या भावानं, क्रेऑननं, पिटवली. अपोलोनं काय होणार ते सांगितलं होतं. दारू त्यानं पाजली नव्हती, दवंडीही त्याची नव्हती.

याच नाटकात युरिपिडीजनं तिला जिवंत ठेवलं आहे. सोफोक्लीजच्या नाटकात ती आत जाऊन गळफास घेते. इथे सगळं उघड झाल्यानंतरही ती जगते, केस कापलेली, काळी वस्त्रं ल्यालेली. दोन मुलगे राज्यासाठी एकमेकांवर उठलेत, त्यांना समोरासमोर बसवते. थोरल्याला सांगते, रात्र आणि दिवस वर्ष सारखं वाटून घेतात, तुला वाटून घ्यायला काय झालं? मुलगे ऐकत नाहीत, एकमेकांच्या हातून मरतात, आणि ती त्यांच्याच तलवारीनं त्यांच्या देहांशेजारी मरते. मरण चुकत नाहीच. पण मधल्या काळात ती बोलते, आणि बोलते ते वाटणीबद्दल! आम्ही हे नाटक इंग्रजीवरून तोंडी मराठी करत वाचलं. तिच्या या भाषणाला पळपुटी म्हणणारी मुलगी गप्प झाली.

ईडिपस स्वतःचे डोळे फोडतो ते योकास्ताच्या वस्त्राला लावलेल्या पिना काढून. नंतर म्हणतो, हे दुःख अपोलोनं आणलं, पण वार करणारा हात माझा होता. नियती आणि माणसाची इच्छा यांवर लिहिणारे याच बोलण्यापाशी थांबतात. मी थोडं पुढे वाचते. तो क्रेऑनला सांगतो की, आत आहे तिचं काय करायचं ते तू कर. तिचं नाव घेत नाही. मग म्हणतो, मुलगे पुरुष आहेत, ते आपलं बघतील. या दोन पोरींशी मात्र लग्न कोण करणार?

त्यातली एक पोर म्हणजे अँटिगनी. पुढच्या गुरुवारपासून आम्ही तिचं नाटक वाचायला घेतो आहोत.