केंब्रिजएवढा पाऊस, तरी घशाला कोरड!

मित्रांनो, आज एक कोडं घालतो. आई-बाबांनाही घाला, बघू या त्यांना सुटतं का! डॉ. जयंत नारळीकर शिकायला गेले होते ते इंग्लंडमधलं केंब्रिज आणि आपल्या पुणे जिल्ह्यातली बारामती. वर्षभरात पाऊस कुठे जास्त पडतो?

"केंब्रिजला!" बहुतेकांचं उत्तर हेच येणार. इंग्लंड म्हटलं की ढगाळ हवा, छत्र्या, हिरवीगार कुरणं. बारामती-इंदापूर म्हटलं की बाभळी, माळरान आणि मेंढरं. (उसाचे फडही आठवतात, पण त्यांच्याकडे जरा वेळाने वळू.) आता आकडे बघा. केंब्रिजला वर्षाला सरासरी पंचावन्न-छपन्न सेंटीमीटर पाऊस पडतो. बारामती-इंदापूर भागात ५० ते ५५ सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ बरोबरीच! मग तिकडे मऊ गवत आणि इकडे पायात रुतणारी कुसळं, असं का?

केंब्रिजचा पाऊस एखाद्या काटकसरी आजीसारखा आहे. दर महिन्याला थोडा थोडा, साधारण चार-पाच सेंटीमीटर. जानेवारीत तसा आणि जुलैतही तसाच. शिवाय तिथे ऊन कोवळं. जुलैतल्या दुपारीसुद्धा पारा सरासरी २३ अंशांच्या आसपास, आणि डिसेंबरात दुपारचे चार वाजायच्या आत सूर्य मावळलेला! पडलेलं पाणी वाळणार कसं?

बारामतीत मात्र एक पसरट भांडं उघड्यावर ठेवलं आणि वर्षभर त्यात पाणी भरत राहिलं, तर दीड मीटरहून जास्त पाणी वाफ होऊन उडून जाईल. मिळकत अर्ध्या मीटरची आणि खर्च दीड मीटरचा. सांगा, असा संसार कसा चालायचा?

आता इथलं वर्ष कसं जातं ते पाहू. मार्चपासून ऊन तापायला लागतं, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी माळावर वावटळी उठतात. मग एखाद्या संध्याकाळी अंधारून येतं, धूळ उडते, टपाटप थेंब पडतात, कधी गाराही. हा वळीव. सात-आठ जूनला मृग निघतं आणि सगळ्यांच्या माना वर होतात.

खरी गंमत पुढे आहे. जुलैत महाबळेश्वरला पाऊस नुसता कोसळत असतो. तिथे वर्षाला साडेपाच मीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे बारामतीच्या दहापट! दोन्ही गावांत सरळ रेषेत अंतर किती? जेमतेम शंभर किलोमीटर. आणि त्याच जुलैत बारामतीला काय असतं? भरून आलेलं आभाळ, अंगावरचे कपडे उडवणारा वारा आणि फार तर भुरभुर. समुद्रावरून आलेला दमट वारा सह्याद्री चढतो. चढताना थंड होतो आणि आपली सगळी शिदोरी घाटमाथ्यावरच सोडतो. पलीकडे उतरताना तो तापत जातो, कोरडा होतो. ढग दिसतात, पण बरसत नाहीत. डोंगराच्या अशा आडोशाच्या प्रदेशाला पर्जन्यछाया म्हणतात. म्हणायला सावली, पण ही सावली सुखाची नव्हे!

इथल्या माणसांनी या हवेशी जमवून घेतलं आहे. मेंढ्यांना चिखल आणि सततचा पाऊस सोसत नाही, म्हणून हा कोरडा मुलूख त्यांना मानवतो. दिवाळीनंतर इकडचं गवत संपलं की कितीतरी धनगर कुटुंबं कळप घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परततात. आषाढवारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीजवळच्या काटेवाडीला येते, तेव्हा तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. तुम्ही घोड्याचं रिंगण पाहिलं असेल, हे मात्र मुद्दाम जाऊन बघा.

इथला मुख्य पाऊस येतो तो सप्टेंबरात. समुद्राकडचा वारा थकलेला असतो, बंगालच्या उपसागराकडून ओलावा येतो आणि दुपारनंतर गडगडाटी ढग चढतात. शेतकऱ्याची नजर उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर असते. मुली ज्या हत्तीभोवती फेर धरतात, तो या हस्ताचाच! काळ्या जमिनीत मुरलेल्या त्या ओलीवर शाळूची ज्वारी उभी राहते. पुढे पावसाचा थेंब नसला तरी थंडी आणि दव यांच्या जोरावर कणीस भरतं.

आणि थंडी म्हणजे कसली! डिसेंबर-जानेवारीत बातम्या नीट ऐका. बारामतीचा किंवा उजनीच्या पलीकडच्या जेऊरचा रात्रीचा पारा कित्येकदा महाबळेश्वरच्याही खाली गेलेला असतो. थंड हवेचं ठिकाण ते, आणि कुडकुडतो आपण! निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आपली ऊब भराभर आकाशात सोडून देते. तिला लागून असलेली हवा गारठते, जड होते आणि डोंगरावरून ओघळून सखल भागात साचते. याच दिवसांत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर उतरतात. हे धरण १९८० साली पूर्ण झालं.

आता उसाकडे वळू. सव्वाशे वर्षांहून जुना नीरा डावा कालवा इथून जातो. १८७६ च्या भीषण दुष्काळानंतरच्या काळात तो खोदला गेला. पुढे १९२८ च्या सुमारास भाटघरचं मोठं धरण झालं. भोरच्या डोंगरांत पडलेला पाऊस तिथे साठतो आणि कालव्याने इकडे येतो. म्हणजे बारामतीचा ऊस बारामतीच्या पावसावर वाढतच नाही! पण कालवा काही सगळ्यांच्या दारावरून जात नाही. आणि जिथून जातो तिथेही, 'टेल'ला, म्हणजे शेवटच्या टोकाला, इंदापूरकडच्या शेतांना पाणी कधी आणि किती पोचणार, याची चिंता असतेच.

एक मात्र ध्यानात ठेवा. '५० ते ५५ सेंटीमीटर' ही नुसती सरासरी आहे, दरवर्षी तेवढा पडेल असं वचन नाही. २०१८ चा पावसाळा कोरडा गेला, पुढच्या उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरले. आणि त्याच २०१९ च्या सप्टेंबरात कऱ्हा नदीला असा पूर आला, की बारामतीतल्या नदीकाठच्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. २०२५ मध्ये तर मृगाची वाटही पाहावी लागली नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यातच एवढा पाऊस झाला, की घरांत पाणी शिरलं आणि नीरा डावा कालवा फुटला.

तुमच्या गावचा पाऊस तुम्हीच मोजा ना! उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा डबा गच्चीवर किंवा अंगणात मोकळ्या जागी ठेवा. झाडाखाली नको, वळचणीला तर नकोच. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला, पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरलं तर तो 'पावसाचा दिवस', हा नियमही त्यांचाच. आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा आणि ते सांगतील ते त्याच वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवा. जून ते ऑक्टोबर असे पावसाचे दिवस किती भरले, ते आम्हाला पत्राने कळवा. गावाचं नाव लिहायला विसरू नका!