खेळ टिकला, तर कला टिकेल

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही काही चितारी रंग आणि कुंचले घेऊन कामाला बसतात. तळहातावर मावेल एवढ्या गोल चकतीवर कोणी मासा रेखाटतो, कोणी कासव, तर कोणी परशू. ही गंजिफेची पाने होत.

गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ. तो इराणकडून हिंदुस्थानात आला. 1527 साली बाबराने सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आढळते. पुढे येथील लोकांनी हा परका खेळ आपलासा केला आणि त्याला विष्णूच्या दहा अवतारांचा साज चढविला. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराचा एक, असे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंतची पाने, म्हणजे एकूण 120 पाने होतात. पाच रंगांत दहाचे पान मोठे, तर उरलेल्या पाचांत एकाचे पान मोठे! दिवसा खेळ मांडला, तर ज्याच्या हाती रामाचा राजा, तो पहिली खेळी करी. रात्री तो मान कृष्णाच्या राजाचा असे. कोणती पाने पडली आणि कोणती उरली, हे ध्यानात ठेवता ठेवता खेळणाऱ्याच्या स्मरणशक्तीचा चांगलाच कस लागे.

ही पाने करणे मोठ्या चिकाटीचे काम आहे. कागदाचे किंवा कापडाचे थर खळीने चिकटवावयाचे, लेप देऊन ते गुळगुळीत घोटावयाचे, गोल कापावयाचे, रंगवावयाचे आणि वर लाखेचे रोगण चढवावयाचे. शिवाय सर्व पानांची पाठ अगदी सारखी हवी. एका पानावर जरी वेगळी खूण राहिली, तरी खेळातील गुपित फुटलेच!

यंत्रावर छापलेले 52 पानांचे स्वस्त पत्ते बाजारात आले आणि गंजिफेचे दिवस फिरले. खेळणारे घटले, तसे चिताऱ्यांचे कामही घटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी या कलेला आधार दिला. सत्त्वशीलादेवी स्वतः पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताजवळ बसून ही विद्या शिकल्या आणि त्यांनी ती इतरांना शिकविली. राजघराण्यातील स्त्रीने चिताऱ्याचे शिष्यत्व पत्करावे, ही गोष्ट लहान नव्हे. त्यामुळेच हा कुंचला थांबला नाही.

परंतु एवढ्याने कला वाचली असे म्हणता येईल काय? आज गंजिफा विकत घेणारे पुष्कळजण ती काचेच्या कपाटात मांडतात. चिताऱ्याच्या पोटाला त्याचा आधार होतो, हे खरे. आणि उपाशी राहून कला जपा, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही ज्या पानांनी कधी डाव रंगत नाही, ती पाने मुकीच म्हणावयाची. पाठ सारखी आहे की नाही, हे पाहणारा खेळाडूच नसेल, तर चितारी तरी ती काळजी किती दिवस घेईल? कसब केवळ कौतुकावर जगत नाही. ते वापराने जगते.

येथे मुलांना करण्याजोगे पुष्कळ आहे. हाताने रंगविलेली गंजिफा महाग असते. पण जाड पुठ्ठ्याच्या 120 चकत्या कापून त्यांवर अवतारांची चिन्हे काढण्यास फारसा खर्च येत नाही. तिघांनी मिळून बसावे, प्रत्येकी 40 पाने वाटून घ्यावीत आणि डाव मांडावा. पुठ्ठ्याचे ते पान वाकडेतिकडे होईल, रंग पसरेल. मग चिताऱ्याच्या हातातील कसब किती मोठे आहे, हे न सांगताही कळेल. असे खेळाडू घरोघरी तयार झाले, तर उद्या चिताऱ्याच्या दारी जाणारे गिऱ्हाईक शोभेची वस्तू मागणार नाही. ते खेळण्यासाठी गंजिफा मागेल.