उकळलेलें पाणी आणि हिरवा तवंग

पाणी उकळून प्यालें कीं भय टळलें, अशी आमच्या नागरिकांची दृढ समजूत आहे. पटकी व विषमज्वर यांच्यापुरती ती खरीच आहे. परंतु उन्हाळ्यांत तलावांवर जो हिरवा तवंग माजतो, त्यांतील कांहीं सूक्ष्म जीव यकृतास घातक असें विष निर्माण करितात. तें उकळल्यानें नाश पावत नाहीं, उलट पाणी आटेल तसतसें त्याचें प्रमाण वाढतें. १९९६ सालीं ब्राझिलांतील कारुआरू शहरीं असलें पाणी रक्तशुद्धीच्या यंत्रांत जाऊन पन्नासांवर रुग्ण दगावले. २०१४ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील टोलेडो शहरच्या सुमारें चार लक्ष लोकांस ईरी सरोवराचें नळपाणी वर्ज्य करावें लागलें. तेथें पाणी तपासलें जात होतें, म्हणून तें कळलें तरी!

हा तवंग पोसला जातो शेतांतून वाहून येणाऱ्या खतांवर आणि शहरांच्या सांडपाण्यावर. मोरचूद टाकून तो मारावा, तर आंतील विष पाण्यांत मोकळें होतें. सबब, तलावांत गटारें सोडणें प्रथम बंद झालें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें नित्य पिण्याच्या पाण्यांत मायक्रोसिस्टिन या विषाची मर्यादा लिटरमागें १ मायक्रोग्रॅम सुचविली आहे. आपल्या तलावाचा आंकडा काय, हें पाणीपट्टी भरणाऱ्या व्यापारीमंडळींनीं नगरपालिकेस लेखी विचारावें, आणि उत्तर येईतों विचारीत राहावें.